दोनशे अकरातला आरसा

आमच्या हॉटेलात चार मजले, चौऱ्याऐंशी खोल्या आणि एक दुर्बीण आहे. दुर्बीण म्हणजे माझी सख्खी आत्या. हे नाव मी ठेवलेलं नाही. मी ठेवलं असतं तर याहून वाईट ठेवलं असतं. सफाईच्या बायकांनी ते ठेवलं, आणि आत्याला त्यातलं काही ठाऊक नाही अशी त्यांची समजूत आहे. आत्याला सगळं ठाऊक असतं, हीच तर मुळात सगळ्यांची अडचण.

तिचं काम खोल्या तपासण्याचं. पाहुणा गेला की बायका ट्रॉली घेऊन आत शिरतात, चादरी बदलतात, बाथरूम घासतात, आणि बाहेर येऊन आत्याची वाट बघत उभ्या राहतात. आत्या येते, पण आत पाऊल टाकत नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी हात पाठीमागे बांधून दारातच उभी राहते. एक श्वास घेते. मग म्हणते, "पडद्याची दोरी चुकीच्या बाजूला." किंवा, "ग्लास तीनच." किंवा नुसतंच "हं." हं म्हणजे खोली पास, खाली कळवा, पाहुण्याला वर सोडा.

या कामासाठी एक छापील यादी आहे, एक्केचाळीस कलमांची. आत्या तिच्यावर सही करते, वाचत मात्र नाही. मी एकदा विचारलं, "आत्या, एक्केचाळीस वस्तू एका श्वासात कशा बघतेस?"

"वस्तू कोण बघतंय? मी खोली बघते. काही बिनसलं असेल तर खोलीच सांगते, मला काहीतरी होतंय म्हणून. मग कुठे दुखतंय ते शोधायचं."

मी लहान गावातल्या शाळेत शिकलो. आमच्याकडे स्मरणशक्ती म्हणजे एकोणतीसचा पाढा. तो येणारा हुशार, आणि न येणाऱ्याने खिडकीबाहेर बघत बसावं. मी खिडकीबाहेर बघत बसलो, आणि तिथे काय होतं तेही मला आज सांगता येणार नाही. त्यामुळे सातवीपर्यंतच शिकलेल्या आत्याचं मला कौतुक होतं, आणि पदवीधर असल्यामुळे ते मी कधी दाखवत नव्हतो. वर तिनेच शब्द टाकून मला इथे काउंटरवर चिकटवलेलं. उपकाराखाली दबलेला माणूस कौतुक कमी करतो, चेष्टा जास्त करतो.

मागच्या वर्षी नवा साहेब आला. त्याला सगळ्याच गोष्टी जलद हव्या होत्या. पाहुणे खाली सोफ्यावर ताटकळतात, हे त्याच्या मनाला फार लागलं. त्याने बैठक घेतली, "कुणाला काही सुचतंय का?" म्हणाला. सुचलेलं बोलू नये हे मला कोणत्याच शाळेने शिकवलं नव्हतं. मी हात वर केला. म्हटलं, तपासणाऱ्यांच्या कानात एक इयरफोन द्या. कोणत्या खोल्यांची घाई आहे ते मी काउंटरवरून चार-चारच्या गटाने सांगत जाईन, त्याच क्रमाने त्या तपासतील, जिन्याच्या फेऱ्या वाचतील. साहेब म्हणाला, "वा!" मला पगारवाढ मिळाली नाही, पण तो "वा" मी घरी जाऊन तीन जणांना सांगितला. आत्याला मात्र साहेबाचीच कल्पना म्हणून सांगितलं.

झालं. आत्याच्या कानात तो किडा बसला. किडा हा तिचाच शब्द. त्या किड्याचा आवाज म्हणजे मी.

"आत्या, ऐक. दोनशे सात, दोनशे अकरा, तीनशे चार, एकशे एकोणीस. तीनशे चारला जादा उशी. आणि एकशे एकोणीसची घाई आहे, पण दोनशे सातच्या नंतर."

"अरे, दम धर. परत सांग."

"दोनशे सात, दोनशे अकरा..."

मग ती पुटपुटत निघायची. जिन्यात भेटणारा तिला नमस्कार करायचा, ती त्याला म्हणायची, "तीनशे चार." पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे यावर फार हसलो. आत्याही हसली.

दुसऱ्या आठवड्यात एका खोलीत किटली नव्हती आणि आत्या तिला हं म्हणून आली. पाहुणा बिचारा भला होता, चहा खालीच येऊन प्यायला. त्यानंतर चौथ्या दिवशी एका पलंगावर पांघरूण उलटं, शिवण वर. तेही हं. दुसऱ्या मजल्याची सफाईवाली, जिला सगळे गप्पी म्हणतात कारण ती गप्प कधीच बसत नाही, मला म्हणाली, "तुमच्या आत्याबाईंचा चष्मा बदला हो." मी म्हटलं, तिला चष्मा नाहीच. "तेच म्हणते," गप्पी म्हणाली.

आणि मग दोनशे अकरा.

त्या खोलीत कपाटाशेजारी भिंतीवर माणूसभर उंचीचा आरसा आहे. त्याची चौकट सैल झाली म्हणून सुतार सकाळी तो उतरवून तळघरात घेऊन गेला. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, "आरसा नाही हे सांगायचं काय त्यात? आंधळ्यालाही दिसेल." गप्पीने खोली साफ केली. तिने आरसा नसल्याचं पाहिलं, पण तीही बोलली नाही. तिची बाजू अशी, की दुर्बीण येणारच आहे, ती बघेल. दुर्बीण आली. कानात मी होतो. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हं. पुढची तीनशे चार ना?"

अर्ध्या तासाने त्या खोलीच्या बाई खाली आल्या. त्यांच्या मुलाला त्या संध्याकाळी कसलंसं पदक मिळायचं होतं, त्यासाठी मुद्दाम लांबून आल्या होत्या. कपडे ठेवणीतले, केस अर्धे विंचरलेले.

"अहो, माझ्या खोलीत आरसा नाही."

मी म्हटलं, "असेल हो बाई, कपाटाशेजारी बघा."

"कपाटाशेजारी चार खिळे आहेत आणि एक पांढरा चौकोन आहे. त्या चौकोनात बघून केस विंचरू का?"

साहेब केबिनमधून बाहेर आला. बाईंना दुसरी खोली दिली, फुलं पाठवली, माफी मागितली. मग आत्याला बोलावलं. मी काउंटरवरून ऐकत होतो. साहेब ओरडला नाही, तेच वाईट झालं. तो नुसता म्हणाला, "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. काका, म्हणजे आत्याचे यजमान, बाहेरच्या खोलीत रेडिओचा स्क्रू शोधत जमिनीवर रांगत होते. त्यांनी नुसता स्वयंपाकघराकडे अंगठा दाखवला. आत्या टेबलाशी बसली होती, समोर कोरा कागद आणि पेन.

"ये. तुझं अक्षर बरं आहे. राजीनामा लिहून दे."

"एका आरशासाठी राजीनामा? बारा वर्षांची नोकरी आहे तुझी."

"लिही म्हटलं ना. कारण लिही, वैयक्तिक."

मी पेन उचललं नाही. म्हटलं, "आत्या, चुकतं माणसाकडून. नाही दिसला एखाद्या वेळी."

 ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "नाही दिसला असता तर मी राजीनामा दिला नसता रे. मला तो दिसला."

"म्हणजे?"

"मी दारात उभी होते. समोर आरसा होता. चौकट तपकिरी, काच स्वच्छ. मी बघितला, शपथेवर सांगते. आणि तो तिथे नव्हता."

आता मला कळलं ती कशाला घाबरली होती ते. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, शेवटची तीन वर्षं स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभी राहून म्हणायची, "घर छान ठेवलंय हो यांनी." आल्यागेल्याला म्हणायची, "जरा बसू या, यजमानीण आली की निघू." आजीचीही सुरुवात अशीच झाली होती. बंद पडलेलं दुकान तिला उघडं दिसायचं, कापलेलं झाड उभं दिसायचं. आम्ही हसायचो. आजीचं सगळं तीन वर्षं आत्यानेच केलं.

"तिला पण अठ्ठावन्नाव्या वर्षीच," आत्या म्हणाली. "मला अठ्ठावन्न चालू आहे. मी लोकांच्या हसण्याचा विषय व्हायच्या आत घरी बसते. यांना काही बोलू नकोस." यांना म्हणजे काकांना. ते बाहेर रांगतच होते.

मी राजीनामा लिहिला. माझं अक्षर खरंच बरं आहे. लिहिताना मी मनात हिशोब करत होतो. बारा वर्षं एकही आरसा न चुकवलेल्या बाईकडून तीन आठवड्यांत तीन चुका झाल्या होत्या, आणि तो किडा आला त्यालाही तीनच आठवडे झाले होते. हा हिशोब एकोणतीसच्या पाढ्याइतका अवघड नव्हता. पण तो बोलून दाखवायचा म्हणजे किडा कुणी आणला तेही बोलावं लागलं असतं. मी खाली तारीख घातली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी कागद तिच्या पिशवीत होता. दुपारी साहेब जेवायला गेला, काउंटरवर दुसरा माणूस आला, तेव्हा ती मला म्हणाली, "चल जरा. दोनशे अकरा बघून येऊ."

"गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत जातो म्हणतात."

"मग चल की, तूही."

तिला नुसता टोला मारायचा होता, पण तो मला नको तिथे बसला. मी तिच्या मागे गेलो. सुतार आरसा लावून नुकताच स्टुलावरून उतरत होता, गप्पी खालची धूळ पुसत होती. आत्याने किडा कानातून काढून माझ्या हातात दिला. दारात उभी राहिली. एक श्वास.

"दोन बोटं खाली लावलाय," ती म्हणाली.

सुतार म्हणाला, "छे! जुन्याच खिळ्यांवर आहे."

"मोज."

त्याने जुन्या पांढऱ्या चौकोनाच्या वरच्या कडेला बोट लावलं. चौकट जाड करताना कडी वर सरकली होती. बरोबर दोन बोटं. सुताराने आत्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हिला कुणी मोजपट्टी गिळायला दिली होती का.

मी म्हटलं, "बघ. आज दिसलं ना? काल तुझ्या डोक्यात चार खोल्या होत्या. आज एकही नाही."

"तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोस."

"मी कधी तुला बरं वाटावं म्हणून काही बोललोय का?"

हे तिला पटलं. पण एवढ्याने ती मानणारी नव्हे. ती कपाटाला टेकून विचार करत राहिली, आणि मग जे म्हणाली ते मला पदवी असून सुचलं नव्हतं. "आकडे डोक्यात असले की मी आंधळी होते, हे खरं धरू. पण ते माझं डोकं बिघडलंय म्हणून, की सगळ्यांचंच असं होतं? माझ्याकडे बघून ते कसं कळणार? तू बाहेर हो."

"मी?"

"तुझं डोकं तर अजून कोरं आहे. वापरलंच नाहीस. हो बाहेर."

मी बाहेर बोळकांडीत उभा राहिलो. आतून काहीतरी सरकल्याचे आवाज आले, गप्पीचं खिदळणं आलं. मग दारापलीकडून आत्याचा आवाज: "ऐक. एकशे सोळा, चारशे दोन, तीनशे एकवीस, दोनशे नऊ. चारशे दोनला जादा चादर, दोनशे नऊची घाई. पाठ म्हणत ये. दारातून बघ आणि ठीक की नाही ते सांग. आकडा चुकलास तर परत पहिल्यापासून."

दार उघडलं. मी मनात एकशे सोळा, चारशे दोन घोकत आत बघितलं. पाच वर्षं रोज बघितलेली खोली. पलंग, दिवा, खुर्ची, पडदे, आरसा. सगळं जागच्या जागी.

"ठीक," मी म्हटलं. "एकशे सोळा, चारशे दोन, तीनशे एकवीस, दोनशे नऊ, चारशे दोनला चादर, दोनशे नऊची घाई."

गप्पीने पदर तोंडात कोंबला.

"पाठांतर छान," आत्या म्हणाली. "आता ते सगळं विसर. डोळे मीट, उघड, आणि परत बघ."

मी परत बघितलं. उशा पायथ्याशी होत्या. खुर्ची शिक्षा झालेल्या पोरासारखी भिंतीकडे तोंड करून होती. दिव्याची टोपी नव्हतीच, नुसता बल्ब होता. आणि मला अजूनही शपथेवर सांगता आलं असतं, की क्षणभरापूर्वी मी तो दिवा टोपीसकट बघितला होता.

आत्याने गप्पीला बाहेर काढलं. गप्पीने आकडे दोनदा चुकवले, तिसऱ्यांदा बरोबर म्हटले, आणि पडदा एकाच बाजूला असलेल्या खोलीला ठीक म्हणाली. मग सुतार. सुतार म्हणाला, माझी नजर तयार आहे, मला नका शिकवू. त्याच्यासाठी आत्याने त्याचाच आरसा उतरवला. तो सहा आकडे घोकत दारात आला, मान डोलावून म्हणाला, "ठीक आहे की." मागून गप्पी ओरडली, "आंधळ्यालाही दिसेल!" त्यानंतर तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

तिघे दारात आले आणि तिघेही आंधळे निघाले. आत्या पलंगाच्या कडेवर बसली. तयार केलेल्या पलंगावर कुणी टेकलं तर ती बारा वर्षं ओरडत आली होती, आणि आज स्वतःच बसली होती. 

"म्हणजे डोक्यात एक ओटा असतो," ती म्हणाली. आमच्याशी नव्हे, स्वतःशीच. "लहानसा. दारात उभी राहिले की मी जुनी खोली त्या ओट्यावर मांडते, समोरची तिच्या शेजारी मांडते, आणि बघते काय हललंय. त्या ओट्यावर याने चार भांडी आणून ठेवली. मग समोरची मांडायला जागा कुठाय? नुसती जुनीच बघून हं म्हणते."

"आरसा दिसला तो जुन्या खोलीतला," मी म्हटलं.

"हो." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या आईच्या ओट्यावर कुणी काही ठेवलं नव्हतं. तिचा ओटाच खचला होता. ते वेगळं."

 मग मी बोललो. बोलायलाच हवं होतं. "आत्या, चार-चारची कल्पना साहेबाची नव्हती. माझी होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. एवढं साहेबाला सुचत नाही." ती उठली, बसल्या जागेची चादर हाताने साफ केली. "पण राजीनामा लिहिताना तुझं पेन अडेल असं वाटलं होतं मला. अडलं नाही."

मी उगाच खिसे चाचपून पेन शोधू लागलो. 

तिने तो कागद पिशवीतून काढला आणि मला मागची कोरी बाजू दाखवली. "लिही. अर्ज. एका वेळी एकच खोली सांगावी. खोलीच्या दारात असताना कानात काही बोलू नये. खोली पास झाल्यावर पुढची सांगावी. सुंदर अक्षरात."

"राजीनाम्याच्या मागे?"

"असू दे. पान उलटून वाचेल तो. त्यालाही कळू दे दुसरी बाजू काय आहे ती."

साहेबाने दोन्ही बाजू वाचल्या. म्हणाला, "बाई, पाहुणे खाली थांबतात हो." आत्या म्हणाली, "दोन मिनिटं जास्त थांबतील. आरसा नसलेल्या बाई अजून चिडल्यात, त्यांना विचारा दोन मिनिटं महाग की स्वस्त." चार आकडे घोकले की समोरचं दिसत नाही, हे साहेबाला खोटं वाटलं, तेव्हा ती म्हणाली, चला, दोनशे अकरात येता का? साहेबाने तिच्यामागे उभ्या असलेल्या आम्हा तिघा आंधळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि शहाणपणा केला. आला नाही. एक महिना करून बघू म्हणाला.

त्या महिन्यात सोफ्यावर ताटकळणाऱ्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. सोसवत होत्या. एकही खोली चुकली नाही, निदान आत्याकडून तरी. तरीही मला वाटत राहिलं, की तिघांच्या परीक्षेने तिची भीती पुरती गेलेली नाही. एकदा ती जिन्यात उभी राहून भिंतीवरच्या चित्राकडे फार वेळ बघत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, हे इथेच होतं ना?

होतं. तिथेच होतं.

मग एका सकाळी ती तासभर उशिरा आली. बारा वर्षांत पहिल्यांदा. काउंटरवर पिशवी ठेवून म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊन आले. त्या विसरणाऱ्या आजाराच्या."

माझ्या हातातली किल्ली तशीच राहिली. "एकटी गेलीस? मला सांगायचं नाही? काय म्हणाले?"

"काय म्हणायचंय. तास घेतला. उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. मग विचारलं, बाई, आज तारीख काय, महिना कोणता."

"मग?"

"मी म्हटलं, खरा सांगू, की तुमच्या भिंतीवर आहे तो?"

मी हसलो नाही, कारण तिचा चेहरा अजून गंभीर होता. "मग काय केलं त्यांनी?"

"उठून कॅलेंडरचं पान फाडलं," आत्या म्हणाली. "आणि वर्षभराने या म्हणाले. जाईन की. चल, सांग खोली. एकच."

"चारशे सात," मी म्हटलं, आणि गप्प बसलो.